हिरव्या ठिपक्याची टायरं

घोडेगावच्या स्टँडवर कुंडलिकपेक्षा त्याच्या जीपची टायरंच जास्त नावाजलेली. खोल नक्षीची, काळीभोर, आणि प्रत्येकावर हिरव्या रंगाचा एक ठिपका. मंचरला आरटीओचा गाडी-तपासणीचा, पासिंगचा कॅम्प लागला की भीमाशंकरच्या वाटेवरचे जीपवाले ती मागून न्यायचे. गाडीला चढवायची, साहेबांपुढं उभं राहायचं, कागदावर शिक्का पडला की सांजच्याला परत. ठिपका एवढ्याचसाठी, की अदलाबदल नको.

"कुंडलिकराव, तुमच्यापरीस तुमची टायरंच जास्त येळा पास झाली," असं मेकॅनिक हौशीराम म्हणायचा, आणि सगळा स्टँड हसायचा. कुंडलिकही हसायचा. गेल्या श्रावणापासून मात्र त्याचं हसू गेलं.

गेल्या श्रावणाच्या तोंडावर ती टायरं सावळेरामनं नेली होती. एका ताटात जेवलेला दोस्त. गाडी पास झाल्यावर तो अंगणात उभा राहून म्हणाला होता, "कुंडलिका, येवढा सोमवार राहू दे की. घाट लई वला हाय."

कुंडलिकला श्रावणी सोमवारच्या, भीमाशंकरच्या भाविकांच्या आपल्या फेऱ्या दिसत होत्या. "न्हाई बाबा, ठरलं ते ठरलं." आणि त्यानं स्वतः पाना लावून नट सोडवले.

सोमवारी सकाळी सावळेराम रिकामी जीप घेऊन घाट चढत होता. वळणावर गाडी घसरली. कुंडलिक दरीत उतरला तेव्हा धुकं अजून करवंदीच्या जाळ्यांत अडकलेलं होतं, आणि त्या धुक्यात जीप चाकं वर करून पडलेली. चाकं तळहातासारखी गुळगुळीत. त्यांवर एकही ठिपका नव्हता. कुंडलिकनं सगळ्यांबरोबर सावळेरामला खांदा दिला, पण अंगणातलं ते बोलणं कुणाला सांगितलं नाही.

वर्ष सरलं. जीप दुरुस्त झाली. आता ती सावळेरामचा धाकटा भाऊ जानकू चालवणार होता. आषाढ संपत आला तशी सावळेरामची ठमाबाई कुंडलिकच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, उद्या गाडी पासिंगला न्यायचीय. टायरं लागत्याल."

त्यानं मान हलवली. आपली जीप दगडांवर चढवून त्यानं चारी चाकं काढून दिली.

मंचरला साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबून पाहिला. टायराला बुटाचं टोक लावलं आणि सही केली.

सांजच्याला कुंडलिक पाना घेऊन ठमाबाईच्या अंगणात आला. जानकूनं जॅक लावला होता. कुंडलिक चाकाशी बसला, पण पाना नटाला न लावताच त्यानं खाली ठेवला.

"जानकू, जॅक काढ."

"आवं, तुमची गाडी दगडांवर हाय. सोमवार आला तोंडावर."

"आसू दे." मग तो जमिनीकडं बघत बोलला, "वहिनी, तवा सावळेराम म्हणाला व्हता, सोमवारपतूर राहू दे. मी न्हाई म्हणालो."

ठमाबाई उंबऱ्यावर बसली होती.

"ठावं हाय मला. त्याच दिशी जेवताना सांगितलं त्यांनी. म्हणाले, त्यालाबी घाटच चढायचाय."

"मंग तरी माझ्याच दारात आला तुमी?"

"चांगली टायरं दुसऱ्या कुणाकडं हायेत, भावजी?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन तुमी कवा सांगताय, त्याची वाट बघत व्हते वरीसभर."

कुंडलिकनं रॉकेलची चिंधी मागितली. पहिल्या चाकाशी बसून तो हिरवा ठिपका पुसू लागला. रंग जुना होता, रबरात मुरलेला. घासून घासून बोटं जळजळायला लागली तेव्हा कुठं तो फिकटला. मग दुसरं चाक. मग तिसरं.

ठमाबाई उंबऱ्यावरून उठली, आतून आणखी एक चिंधी आणली, आणि चौथ्या चाकाशी जाऊन बसली.