सात फुटी पट्टी आणि छोटा ट्रॅक्टर

मी गवत कापायची पट्टी बोलतेय. पट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शाळेच्या दप्तरातली पट्टी आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी चांगली सात फूट लांब आहे, अस्सल लोखंडाची आहे आणि मगरीला हेवा वाटावा एवढे दात माझ्या तोंडात आहेत. ट्रॅक्टरच्या मागे मला जोडलं की मी उजव्या बाजूला जमिनीलगत आडवी पसरते. माझ्या दातांमधून त्रिकोणी पात्यांची सळई इकडून तिकडे सरसर पळते आणि उभं गवत बुडापासून सुटून शांतपणे आडवं होतं. सध्या मात्र मी शेडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी आहे, आणि रिकामपणी माझी जीभ जरा जास्तच चालते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ताज्या रंगाचा वास आणि कुणातरी कामगाराची शीळ, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका दुकानाच्या अंगणात. एक उंच माणूस बायकोला घेऊन आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. शेजारी माझ्याहून चकचकीत यंत्रं होती, पण त्याने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. माझ्या दातांवरून अंगठा फिरवला, सळई हाताने सरकवून पाहिली आणि बायकोला म्हणाला की ही आपल्या ट्रॅक्टरला शोभेल. निवडलं जाण्याचं सुख लोखंडालाही होतं. मला तर फार झालं.

त्यांचा ट्रॅक्टर तेव्हा मोठा होता, अंगाने दांडगा आणि आवाजाने भसाडा. घरी गायी होत्या आणि गोठ्यामागून थेट ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं कुरण होतं. त्या उतारावरचं गवत वाळवून ठेवलं की गायींचं वर्षभराचं भागायचं. ते हुकलं तर गायी विकायची वेळ यायची, म्हणून कापणीचे दिवस आले की घरातलं वारं बदलायचं. मालक गप्प व्हायचे आणि बाईंची बडबड वाढायची.

बाईंची एक पद्धत होती. मालक ट्रॅक्टर चालवायचे आणि त्या काठी घेऊन पुढे चालायच्या. गवत हलवत, तोंडाने हुश्श हुश्श करत. गवतात सशाची पिल्लं असायची, पाखरं अंड्यांवर बसलेली असायची. ती उठून गेल्याशिवाय माझी पाती पुढे सरकायची नाहीत. शेजारचे हसायचे, की ह्यांच्याकडे ट्रॅक्टर बायकोच्या चालीने चालतो. मालक म्हणायचे, घर तसंच चालतं, मग ट्रॅक्टरने काय घोडं मारलंय. बाई हे ऐकूनही मागे वळून पाहायच्या नाहीत. मागचा माणूस आपलं काम चोख करतोय याची त्यांना खात्रीच होती.

भांडणंही मी पुष्कळ पाहिली. माझ्या दातात तार अडकली की मालक माझ्यावर खेकसायचे, बाई त्यांच्यावर, आणि मग दोघं मिळून तार काढताना एकमेकांच्या बोटांची काळजी करायचे. संध्याकाळी बाई अंगणात बसून कानशीने माझी पाती घासायच्या. बोथट पातं त्यांना खपायचं नाही. ते दिवस आठवले की अजूनही माझ्या अंगावरचा गंज क्षणभर हलका वाटतो.

मग एका हिवाळ्यात मालक गेले. मोठा ट्रॅक्टर म्हातारा झाला होता, तो विकला गेला. शहरात नोकरी करणारी लेक घरी परतली, तिने गायी निम्म्या केल्या आणि एक छोटा ट्रॅक्टर आणला. गोठ्याच्या बोळातून वळेल, झाडांखालून जाईल असा. दिसायला गोजिरवाणा, पण मला पाहून बिचाऱ्याचा चेहराच उतरला.

आता त्याला कापणीचं यंत्र कोणतं घ्यायचं, यावर घरात खल सुरू झाला. दुकानदाराने फिरत्या तबकड्यांचं यंत्र दाखवलं. लेक म्हणाली की ते जड आहे, आणि ते ओढताना आपल्या ट्रॅक्टरला धाप लागेल. शिवाय ओढ्याच्या काठावर बाजूला झुकून कापायला पट्टीच बरी. इथवर तिचं सगळं बरोबर होतं. मग बाई म्हणाल्या, "पट्टीच हवी तर घरात आहे की. तुझ्या बाबांनी हौसेने घेतलेली."

लेकीला नाही म्हणणं जिवावर आलं. फिटरकडून तिने जोडणीच्या पिना बदलून घेतल्या, माझी पाती पळवणारा ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा जुळवला. दोघींनी मला जोडलं, अंगणात उचलून पाहिलं, आणि दोघींचे डोळे भरून आले. पिना बसल्या म्हणजे सगळं बसलं, असं त्या धरून चालल्या. माझं वजन किती आणि त्या पोरसवदा ट्रॅक्टरचं किती, हे कुणी विचारलंच नाही. मी तरी कशाला बोलतेय? मला पुन्हा कुरणात जायचं होतं.

सपाटीवर आम्ही झकास कापलं. मग उतार आला. बाई काठी घेऊन पुढे होत्या, पण या वेळी दर चार पावलांनी मागे पाहत होत्या. उतारावर गवत दाट होतं, ते दातांत अडकू नये म्हणून लेकीने मला जमिनीपासून जरा वर उचललं. मी ओढ्याच्या बाजूला सातही फूट पसरले होते. माझा भार खाली ओढू लागला आणि ट्रॅक्टरचं वरच्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. हळूच, हातभर. लेकीला ते कळलंच नाही, ती माझ्याकडे पाहत होती. मला कळलं. दुसऱ्याला घेऊन कोसळण्याची भीती काय असते, ते मला त्या क्षणी समजलं.

बाईंनी काठी टाकली. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर लेक दचकली असती. हात वर करून त्यांनी तिला थांबवलं आणि मला खाली टेकवायला लावलं. मी जमिनीवर टेकले तसं चाकही टेकलं.

"उतर," त्या म्हणाल्या. "वरच्या बाजूने उतर."

लेक उतरली. काय झालं होतं ते तिला आता कळलं. तरी म्हणाली, "आई, मी शिकेन. बाबांची पट्टी आहे, ती अशी कशी टाकायची?"

बाई खाली बसल्या आणि स्वतःच माझी पिन काढू लागल्या. "त्यांनी त्यांच्या ट्रॅक्टरला बघून घेतली होती. तू तुझ्या ट्रॅक्टरला बघून घे. मला त्यांची आठवण नकोय गं कुरणात. मला तू हवीस."

त्यानंतर नवी आली. माझ्याच जातीची, पण चार फुटी आणि अंगाने हलकी. लेकीने दुकानदाराला आधी तिचं वजन विचारलं, मग आपला उतार सांगितला, मग रंग पाहिला.

राग आला का, असं विचाराल तर सुरुवातीला आला. आता नाही. पलीकडच्या खोऱ्यातला एक गवतवाला मला न्यायला येणार आहे. त्याची जमीन सपाट आहे आणि ट्रॅक्टर मोठा. बाईंनी माझी पाती घासून, तेल घालून मला तयार ठेवलंय. तुम्ही कधी यंत्र निवडायला गेलात, तर माझ्यासारखीच्या दातांवर भाळू नका. यंत्र ज्या ट्रॅक्टरमागे जोडायचं तो ट्रॅक्टर आणि त्यावर बसणारा माणूस, त्या दोघांकडे आधी नीट बघा. घरच्या जुन्या वस्तूवर प्रेम करा, पण तिच्यापायी घरच्या माणसाला उतारावर पाठवू नका.

काल नवीने उतारावर पहिली फेरी घेतली. शेडचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. बाई काठीने गवत हलवत पुढे चालल्या होत्या आणि दर चार पावलांनी मान वळवून चाकांकडे पाहत होत्या. दुसऱ्या फेरीला त्यांचं वळणं कमी झालं. तिसऱ्या फेरीला त्या सरळ ओढ्याकडे पाहत चालत राहिल्या, हुश्श हुश्श करत, आणि एकदाही मागे वळल्या नाहीत.