अडीच इंच पुरे

मी अडीच इंची पाइप बोलतोय, ट्रकच्या सायलेन्सरचा. एकटा नाही, आमची जोडी आहे. उजवा कधीच बोलत नाही, म्हणून तोंड चालवायचं काम माझ्याकडं. मी डावा.

अमेरिकेत केंटकीच्या डोंगरात म्हाताऱ्या हॉबार्ट स्टिडमचं सायलेन्सरचं दुकान आहे. तिथं मांडणीवर मी दोन वर्षं पडून होतो. सरळसोट, बिनकामाचा. लोक यायचे, माझ्याकडं बघायचे आणि शेजारच्या साडेतीन इंचीवर हात ठेवायचे. भोक मोठं दिसलं की माणसाची अक्कल त्यातनं गळून जाते.

व्हर्लिन हॅचर त्यातलाच. पन्नाशीचा गडी, खाणीवर मिस्त्री. त्याच्याकडं आठ सिलिंडरचा जुना ट्रक. दर रविवारी नदीकाठच्या पट्टीवर तो शर्यतीला न्यायचा. पट्टी कसली, पाव मैलाच्या निम्मी. आणि उन्हाळाभर हा हरत होता. बायकोनं, विल्मा जीननं, अट घातली होती. हंगामात एक तरी शर्यत जिंक, नाहीतर ट्रक विकायचा आणि तिच्या आईला चढता येईल अशी बुटकी गाडी घ्यायची. आता एकच रविवार उरला होता.

शुक्रवारी दोघं दुकानात आले.

"चार इंची बसव," व्हर्लिन म्हणाला.

हॉबार्टनं ट्रकखाली डोकं घातलं. "साडेतीनचे दोन आहेत की! ते काय कोंबड्या पाळायला लावलेत?"

"आवाज ऐकलास का? छातीत बसतो."

"छातीत बसू दे. चाकात बसत नाही त्याचं काय? अरे बाबा, धूर अरुंद वाटेनं जोरात पळतो, मागच्या धुराला ओढून नेतो. रुंद वाटेत रेंगाळतो. इंजिन लई फिरायला लागलं की मोठा पाइप बरा, ते खरं. पण तिथवर पोचायच्या आत तुझी शर्यत संपते."

"हेच मी जूनपासून सांगतेय," विल्मा जीन ट्रकमधूनच बोलली.

"तू पाइपाचं कधी बोललीस?"

"मी म्हणाले, म्हाताऱ्याला विचार."

जुन्या पाइपांना खालनं पोचे होते. व्हर्लिननं ते घरीच बसवले होते, ट्रक टेकूवर उचलून. उचलल्यावर मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, खाली लोंबतो, त्याच्यावर ऐसपैस जागा दिसते. गडी खूश. चाकं जमिनीला टेकली की ॲक्सल वर येतो आणि पाइपावर आदळतो. या भागातले निम्मे शहाणे हीच चूक करतात आणि दोष खड्ड्यांना देतात.

हॉबार्टनं ट्रक जमिनीवर ठेवूनच माप घेतलं. "विल्मा जीन, मागं हौद्यात जाऊन बस. सुटताना मागची बाजू दबते, तेवढं वजन पाहिजे."

"मला पोतं समजलास का रे?"

"व्हर्लिन, तूही बस. एका पोत्यानं भागणार नाही."

बसले दोघं, पाय लांब करून. मग मला यंत्रात घालून वाकवलं. दुखलं. मधोमध उजव्याशी फुलीसारखा जोड दिला, म्हणजे दोघांचा धूर एकमेकांना ओढेल. ॲक्सलवरनं दोन बोटं मोकळी ठेवून मागं काढलं.

रविवारी शेजारच्या रांगेत पाद्रीबुवांचा लाल ट्रक होता, उन्हाळाभर न हरलेला. हिरवा दिवा लागला. मी फार ओरडलो नाही. ट्रक जागेवरनं सुटला तो सुटलाच. पाद्रीबुवांनी शेवटी गाठत आणलं, पण पट्टी संपली. अर्ध्या ट्रकानं आम्ही पुढं.

विल्मा जीननं पर्समधनं 'विकणे आहे' लिहिलेला पुठ्ठा काढला. त्यावर तळलेली कोंबडी ठेवली. "हरले मी. घे, खा."

तीन आठवड्यांनी व्हर्लिन पुन्हा दुकानात.

"जुने पाइप परत लाव."

हॉबार्टनं चष्मा काढला. "जिंकलास ना?"

"जिंकलो."

"मग?"

"चौकातनं जातो तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही रे. बायकोची गाडी चालवल्यासारखं वाटतं."

हॉबार्टनं चष्मा परत चढवला. त्यानं करवत घेतली आणि मला कापून काढलं.

आता मी दुकानामागं गवतात पडलोय. बाहेरनं गंज चढलाय, आत गांधीलमाश्यांनी घर केलंय. उजवा शेजारीच आहे, अजून गप्प. मला राग नाही. तुम्हाला सांगणं एवढंच की पाइप घ्यायला जाल तेव्हा गाडीचं वजन सांगा, इंजिन सांगा, किती लांब पळायचंय ते सांगा. आवाजच पाहिजे असेल तर ढोल घ्या, स्वस्त पडेल.

विल्मा जीननं पुढच्या हंगामाला तीच अट पुन्हा घातलीय म्हणे. व्हर्लिन हसला म्हणे.

रोज संध्याकाळी तो दुकानाजवळच्या चढावरनं घरी जातो. आधी आवाज येतो. मग बराच वेळ काहीच येत नाही. मग ट्रक.