ताप उतरला

"आज ताप आहे ना हो, सिस्टर?"

छावणीच्या फाटकाच्या गजांतून आजींच्या लेकीनं विचारलं. सिस्टर "आहे थोडा" म्हणाल्या आणि तिच्या जीवात जीव आला. आईला ताप आहे हे ऐकून सुस्कारा सोडणारी लेक सिस्टरनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

याला कारण तो करार. नदीपलीकडून विनापरवाना आलेल्यांना परत पाठवायचं, असं दोन सरकारांचं ठरलं होतं. त्यात दयेचं म्हणावं असं एकच कलम होतं: आजारी माणसाला हलवायचं नाही. आजींची लेक लग्न होऊन कधीची अलीकडे नांदत होती. पलीकडच्या दंगलीत आजींचं घर जळालं, मागे कुणी उरलं नाही, तेव्हा त्या लेकीकडे निघाल्या आणि अलीकडच्या काठावर पाय ठेवताच पकडल्या जाऊन या छावणीत आल्या. आईला ठेवून घेता यावं म्हणून लेकीनं अर्ज केला होता. सुनावणी सोमवारी होती. तोवर आजी इथे राहिल्या तर आशा. आधीच पाठवल्या गेल्या तर अर्ज निकालात.

म्हणून छावणीच्या दवाखान्यातल्या या सिस्टर, ज्यांनी थर्मामीटरचा आकडा कधी इकडचा तिकडे केला नव्हता, त्या आता रोज बिनदिक्कत खोटा ताप लिहीत होत्या. खरा ताप केव्हाच पळाला होता. कपाळावर पट्ट्या ठेवून, चमच्याचमच्यानं दूध पाजून तो घालवला होता त्यांनीच. स्वतःच्या हातगुणाचा त्यांना आता राग येत होता.

"पडून राहायचं, आजी. कुणी विचारलं की कण्हायचं."

"जन्मभर दुखत असताना 'काही नाही' म्हणत आले," आजी म्हणाल्या. "आता काही नसताना कण्हायचं होय? बरं बाई, कण्हते."

शनिवारी लेक येऊन गेल्यावर डॉक्टर आले. मागोमाग बंदोबस्ताचे साहेब. आजी भिंतीकडे तोंड करून छान कण्हत होत्या. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"साध्या तापाला इतके दिवस? औषधं वेळेवर देता की नाही, सिस्टर? की नुसत्या खुर्च्या उबवता इथे?"

सिस्टर खाली मान घालून उभ्या राहिल्या. दोन दिवसांचा तर प्रश्न होता. तेवढ्यासाठी याहून वाईटही त्यांनी मुकाट ऐकून घेतलं असतं.

आजींना मात्र ते ऐकवेना. त्या ताडकन उठून बसल्या.

"तिला का बोलता हो? पोटच्या पोरीनं करणार नाही एवढं केलंय हिनं माझं. बघा, ठणठणीत केलंय मला!" आणि खात्री पटावी म्हणून पलंगावरून उतरून, कमरेवर हात ठेवून त्या ताठ उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, संध्याकाळी चढतो त्यांना ताप," सिस्टर कशाबशा म्हणाल्या.

"छे! काही चढत नाही. हिच्या हाताला गुण आहे."

साहेब हसले. डॉक्टरही हसले. "वा, सिस्टर," म्हणत त्यांनी आजींना प्रवासाला हरकत नसल्याची सही केली.

ते गेल्यावर आजींचे हात हळूहळू कमरेवरून खाली आले.

"असं का केलंत, आजी?"

"तुला बोलत होता गं तो. माझ्यापायी." आजी पलंगाच्या काठावर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता परत निजले तर नाही का चालायचं?"

सिस्टरना रडू आवरेना. शेवटी आजींनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

रविवारी सकाळी गाडी आली. सिस्टरनी आजींचे केस विंचरून दिले. "लेकीला म्हणावं," आजी म्हणाल्या, आणि वाक्य अर्धंच टाकून गाडीत चढल्या.

दुपारी नेहमीच्या वेळेला लेक आली. धुतलेल्या कपड्यांची पिशवी गजांतून आत सरकवत ती जवळजवळ हसतच म्हणाली, "आज ताप आहे ना हो, सिस्टर? आता आजचाच दिवस!"

घरच्या माणसांना ही बातमी सांगताना सिस्टरना नेहमी केवढा आनंद व्हायचा.

"उतरला," त्या म्हणाल्या.

पिशवी निम्मी आत, निम्मी बाहेर राहिली. लेकीला ती आत ढकलता येईना, माघारी ओढता येईना. सिस्टरनी पुढे होऊन पिशवीचा दुसरा बंद धरला, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.