उजवीकडचा बैल

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. माझ्या नवऱ्याचं नाव हैबती. घेतलं, आणि काही आभाळ कोसळलं नाही. त्यानं मला दिराच्या आणि तीन बैलांच्या देखत थोबाडीत मारली तेव्हाही कोसळलं नव्हतं.

ती थोबाडीत नव्याण्णव सालच्या पौषातली. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची सतरा घरांची वाडी आहे. त्याच्या दहा वर्षं आधीपर्यंत हैबती छकड्यांच्या शर्यतीत उतरायचा. सात ढाली आणल्या होत्या त्यानं, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या. आठव्या वेळी गाडी उलटली आणि डावा गुडघा चेचला. महाडच्या डॉक्टरनं तेव्हाच बजावलं होतं, ह्या गुडघ्यावर परत काही आलं तर पाय मांडीतून काढावा लागेल. मग हा बिरवाडीत खोली घेऊन एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करायला लागला. अठ्ठ्याण्णवच्या वैशाखात ते काम सुटलं. हा घरी आला, पावसाळा शेतात काढला आणि पौषात एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "माघात शर्यत हाय. मी उतरतोय."

सासू काशीबाई खूश झाली. धाकटा दीर नाथू तर नाचायचाच बाकी राहिला. मला मात्र दुसरं काही नको होतं, हा माणूस दोन पायांवर राहायला हवा होता.

पण शर्यतीला जाऊ नको म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. तेवढं मी त्याला ओळखून होते. म्हटलं, जातोय तर निदान जोडी तरी नीट लावू दे.

घरात तीन बैल होते. बांड्या आणि मोऱ्या ही नांगराची जोडी. तिसरा खैऱ्या, चार दाती, म्हणजे जेमतेम तीन वर्षांचा, अंगात नुसती आग. त्याची आई व्याल्यावर तिसऱ्या दिवशी मेली. मी त्याला बांबूच्या नळीनं दूध आणि पेज पाजून वाढवला. माझ्या पदराला तोंड पुसायचा तो. वाडीतल्या बायका मला चिडवायच्या, सगुणाला दोन पोरं आणि एक पाडा.

गोठ्यात हैबती बैलांची वशिंडं दाबत, खूर उचलून बघत होता. नाथू दाराला टेकून उभा होता. मी शेण भरत होते.

"बांड्या डावीला, खैऱ्या उजवीला," हैबती म्हणाला.

"उजवीकडं मोऱ्या घाला," मी म्हणाले.

"म्हातारा तो. मी काय शेणखत वाहायला चाललोय?"

"पावसाळ्यात चिखल सपाट करताना फळीवर उभं राहिलात तवा बघितलंय मी. डावा पाय तुमी नुसता टेकवता. सगळा भार उजव्या पायावर. फळी उजवीकडंच बुडत व्हती. गाडीतबी तसंच होणार, जू उजव्या बैलाच्या मानेवर बसणार. मोऱ्या सोसंल. खैऱ्याला मानेवर ओझं खपत नाय. उधळंल तो."

"सात ढाली आणल्यात मी. दर वेळी उजवीला असाच तापट बैल व्हता."

"तवा तुमी डाव्या पायावर उभं राहात व्हता!"

नाथू फिस्सकन हसला. तो हसला नसता तर कदाचित हैबतीनं ऐकलं असतं. पण भाऊ हसला आणि त्याचा हात माझ्या गालावर आला. कान बधिर झाला. मीही काही गरीब गाय नव्हे. शेणाची पाटी भरलेली होती, ती त्याच्या छातीवर रिकामी केली.

त्यानंतरचा महिना घरात मारामारीतच गेला. तो रोज सकाळी खैऱ्याला माळावर पळवायचा. हातात पराणी, टोकाला खिळा ठोकलेली काठी. खैऱ्या परत यायचा तेव्हा पुठ्ठ्यावर रक्ताचे ओघळ असायचे आणि मी हळद-तेल लावत बसायचे. एकदा मी ती पराणी चुलीत घातली. त्यानं मला झिंज्या धरून गोठ्यापर्यंत ओढत नेलं आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसरी केली. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. सासू म्हणाली, "बाईमाणसाला बैलातलं काय कळतंय गो?" बैल चारले मी, पाजले मी, आणि कळत होतं म्हणे ह्यांना.

शर्यतीच्या दिवशी पहाटे उठून मी बांड्याशेजारी मोऱ्याला जुंपून ठेवला. हैबतीनं मोऱ्याला सोडला आणि खैऱ्याला आणला.

सावित्रीच्या काठी भात कापलेल्या खाचरांचे बांध फोडून धाव केली होती. दोन्ही बाजूंना ही गर्दी. येताना सरपण तोडावं म्हणून मी कोयता कमरेला लावून उतरले होते. मी धावेच्या शेवटी, जिथं एक बांध अर्धाच फोडला होता, तिथं उभी राहिले.

गाड्या सुटल्या. शेजारची जोडी पाचाडकडची होती. निम्म्यावर दोन्ही गाड्या एकमेकींना घासायला लागल्या. पाचाडच्या गाडीवानानं आपल्या बैलांवरचा आसूड सरळ हैबतीच्या तोंडावर ओढला. हैबतीचं नाक फुटलं. ह्यानं पराणी उलटी धरून त्याच्या कोपरावर हाणली. लोक शिट्ट्या वाजवत होते. हैबती वाकला, बांड्याची शेपटी दातांत धरून चावला आणि गाडी पुढे काढली. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि तो हसत होता. दहा वर्षांत त्याला असा हसताना मी पाहिला नव्हता. क्षणभर मलाही वाटलं, जिंकतोय हा.

मग तो सरळ उभा राहिला, उजव्या पायावर. जू उजवीकडे दबलं. खैऱ्याची मान खाली गेली, डोळे पांढरे झाले, आणि तो आडवा उधळला. बांड्या पडला. चाक अर्ध्या बांधावर चढलं आणि गाडी हैबतीच्या अंगावर उलटली.

धुरळा बसला तेव्हा दिसलं, त्याचा डावा पाय गाडीच्या दांडीखाली अडकलाय. बांड्या पडल्या पडल्या धापा टाकत होता. खैऱ्या मात्र उभा, अजून जुवात अडकलेला, आणि सुटायला धडपडत होता. त्यानं हिसका दिला की दांडी हैबतीच्या गुडघ्यावर पिरगळायची. हैबती गुरासारखा ओरडत होता. शंभरेक माणसं भोवती उभी होती. शिंगांच्या पुढे जायला कुणी तयार नाही. नाथू "दोर कापा, दोर कापा" म्हणत होता, पण लांबूनच.

मी पुढे गेले. "खैऱ्या, हो रे, हो."

माझा आवाज ऐकून तो थांबला. खरंच थांबला. कान माझ्याकडे वळवले, नाकातून रक्ताचा फेस येत होता. मी कोयत्यानं जुवाचा दोर कापायला घेतला, चार माणसं दांडी उचलायला धावली आणि त्यांच्या गलक्यानं तो पुन्हा बिथरला. एक हिसका. हैबतीच्या पायातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. दोर अजून निम्माही कापला गेला नव्हता, आणि आणखी एक हिसका बसला असता तर पाय उरला नसता.

"खैऱ्या, हो रे," मी परत म्हणाले. तो परत थांबला.

तेवढ्यात मी त्याच्या मानेवर घाव घातला. पहिल्या घावाला तो गुडघ्यांवर आला आणि माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्याला पडला. तिसरा घातला, कारण त्याचे पाय अजून झाडत होते. माझ्या तोंडात, केसांत त्याचं गरम रक्त होतं. माणसांनी दांडी उचलली, हैबतीला बाहेर ओढला. त्यानं डोळे उघडून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, "बैल मारलास गो तू?"

महाडच्या डॉक्टरांनी पाय वाचवला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण गुडघा वाचला, आणि त्यातलं जुनं वाकडंही त्यांनी सरळ बसवलं. दीड महिना प्लास्टर. मी रोज डोंगर उतरून डबा नेला. तो खायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. वाडीत कुणी माझ्या हातचं पाणी घेत नव्हतं.

बैल मारणाऱ्याला आमच्या वाडीत एक रीत आहे. मेल्या बैलाचं दावं गळ्यात बांधून घरोघर मूठ मूठ तांदूळ मागायचे. तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसतं हंबरायचं. एक शब्द निघाला तर पुन्हा पहिल्या घरापासून. सगळ्यात शेवटी आपल्याच दारात मागायचं. घरच्यानं मूठ घातली की दावं सुटतं.

हैबती घरी आल्यावर देवळात गावकी बसली. मी म्हणाले, "घाव माझा हाय, नाय म्हणत नाय. पण उजवीला मोऱ्या घाला म्हणून मी सांगितलं व्हतं. जोडी कुणी लावली ते विचारा."

गावकीतले म्हातारे चांगूदादा हैबतीकडे वळले. "सांगितलं व्हतं काय रे हिनं?"

हैबती काठीवर हनुवटी टेकून बसला होता. नाथू शेजारीच. "मी खाली पडलेला व्हतो," हैबती म्हणाला. "घाव हिचा. मला आठवत नाय दुसरं."

त्याच्या पायासाठी मी माझ्या हातानं वाढवलेलं जनावर कापलं होतं, आणि ह्याला आठवत नव्हतं! त्या देवळात मला त्याचा इतका राग आला की कोयता हातात असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. पण मी मान पुढे केली आणि चांगूदादांनी खैऱ्याचं दावं माझ्या गळ्यात बांधलं. दाव्याला अजून खैऱ्याचा वास येत होता.

सकाळी निघाले. सोळा दारं. पहिल्या दारात माझ्या तोंडून आवाजच फुटेना. पोरं हसली. चंद्राबाईनं तोंड फिरवून मूठ टाकली. पाचव्या-सहाव्या घरापासून आवाज आपोआप यायला लागला, आणि पोरं हसायची थांबली. ऊन चढलं, गळा दाव्यानं सोलला, पदर तांदळानं जड झाला. दहाव्या घरापासून सगळी वाडी माझ्या मागून चालत होती.

सतरावं दार माझं. हैबती उंबऱ्यात उभा होता, हातात सूप. काठी नव्हती.

मी हंबरले. त्यानं मूठ भरली, पण पदरात टाकेना. मान खाली घालून, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मोऱ्याच घालायला हवा व्हता. तू सांगितलं व्हतंस. चुकलं माझं."

देवळात हे बोलायला त्याला तोंड नव्हतं. मला बोलायची बंदी असताना बरोबर सुचलं. थोबाडीतपासूनचं सगळं माझ्या घशाशी आलं, एकेक शब्द. त्यातला एक जरी बाहेर पडला असता तर पुन्हा सोळा घरं.

मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि हंबरले. छाती फाटेपर्यंत, श्वास संपेपर्यंत, श्वास घेऊन पुन्हा हंबरले. घरात सासू रडायला लागली. त्याच्या हातातलं सूप पडलं, तांदूळ उंबऱ्यावर सांडले. मी थांबले नाही, आणि तो माझ्यापुढून एक पाऊल मागे सरला, मग दुसरं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकत.