लागलंय कुठे?

आमचं फरीदाबादचं महाराष्ट्र मंडळ दरवर्षी संक्रांतीला बस करून पानिपतला जातं. हरलेल्या लढाईला इतक्या उत्साहाने आणि इतका चिवडा बांधून जाणारी दुसरी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत. यंदा अध्यक्ष गुलाबरावांच्या मनात आलं, की मेलेल्यांचाच किती जयजयकार करायचा, एखाद्या जखमी जवानाचाही सत्कार करू. मंडळात मी एकटीच जाते, पण माझा नवरा फौजेतून जखमी होऊन आलाय हे सगळ्यांनी ऐकलं होतं. तेव्हा एका रविवारी गुलाबराव आमच्या घरी आले.

दार ह्यांनीच उघडलं. सहा फूट उंची, भरघोस मिशा, तुकतुकीत चेहरा. गुलाबरावांनी नमस्कार केला आणि ह्यांच्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं, "विठ्ठलराव झोपलेत का?"

"हेच विठ्ठलराव," मी म्हणाले.

चहा होईपर्यंत ते ह्यांचे हातपाय निरखत बसले होते. सगळे जागच्या जागी आहेत अशी खात्री पटल्यावर त्यांनी विचारलं, "पण लागलंय कुठे?"

मी सांगितलं. सीमेवर ह्यांच्या अगदी जवळ स्फोट झाला. अंगावर ओरखडा उमटला नाही, पण डोकं आतून हादरलं. तेव्हापासून तोल जातो, गोंगाट सोसत नाही, बोलता बोलता शब्द हरवतात. परेडवर ज्यांच्या आवाजाने मैदान हलायचं, त्या हवालदारांना आता जेवताना मीठ मागायचं तर शब्द शोधावा लागतो.

"अच्छा, म्हणजे टेन्शन," गुलाबराव म्हणाले. "आमच्या सेक्शनमध्येही बजेटच्या दिवसांत सगळ्यांना व्हायचं." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "वहिनी, एखादी काठी मिळेल का हो? फोटोत कळायला पाहिजे ना."

ती काठी त्यांच्याच पाठीत घालावी असं मला वाटलं. पण हे हसले. घराबाहेर पडायचं म्हटलं की ज्यांना दोन वर्षं घाम फुटत होता, तेच म्हणाले, "येतो. पुढची... पुढची सीट द्या."

मागे बसलं की ह्यांना सगळं गरगरतं, हे मी समजावून सांगितलं. गुलाबरावांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. मला सत्कार नको होता, शाल नको होती. हे एकदा चार माणसांत जाऊन धड घरी परत यावेत, एवढंच हवं होतं. ही खेप फसली तर ह्यांचं पाऊल पुन्हा दाराबाहेर पडणार नव्हतं.

संक्रांतीच्या सकाळी धुक्यातून बसपाशी पोचलो, तर पुढच्या सीटवर जयेश. जयेश कुठल्याशा मंत्रालयात अधिकारी आहेत. डिसेंबरात साहेबांच्या मुलाच्या वरातीत नाचताना ते घोडीच्या पुढ्यातच आडवे झाले होते, त्यामुळे डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

"त्यांचा पाय बघा ना," गुलाबराव म्हणाले. "विठ्ठलराव काय, चांगले चालते-फिरते आहेत."

हे मुकाट्याने मागे जाऊन बसले.

वाटेत मुरथलच्या धाब्यावर बस थांबली. मंडळी पराठ्यांवर तुटून पडली तेव्हा हे धाब्याच्या मागे ओकत होते. भिंत धरत, झोकांड्या खात हे परत आले, तेव्हा लोण्याच्या वाटीवरून कुणीतरी म्हणालं, "फौजी आहे, यार. कँटीनची रम स्वस्त पडते." मी गर्रकन वळले. सगळ्यांच्या माना पराठ्यात होत्या. मला रडूही आलं आणि रागही आला. प्रवासात राग बरा पडतो, म्हणून मी तोच धरून ठेवला.

पानिपतला स्मारकापाशी छोटा मंडप होता. मोठी पगडी बांधलेले एक स्थानिक पाहुणे हातात हार घेऊन तयार होते. गुलाबरावांनी माइकवर जाहीर केलं, "आज हमारे बीच एक घायल जवान हैं," आणि नावाची चिठ्ठी शोधायला खिशात हात घातला. पाहुणे नावासाठी थांबले नाहीत. ते तडक प्लास्टरकडे गेले, हार घातला आणि कडक सलाम ठोकला.

जयेश धडपडत उभे राहिले. "नहीं जी, मैं फौजी नहीं हूँ. मैं तो बारात में नाचते हुए गिरा."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी डोळे पुसले. "देखिए असली वीर! अपना दर्द भी हँसी में उड़ा देते हैं."

गुलाबरावांना तोवर चिठ्ठी सापडली होती. ती हातात धरून तेही टाळ्या वाजवायला लागले, कारण फोटो फार छान येत होता. मी उठणार तोच ह्यांनी माझी शाल धरली. "राहू दे," हे म्हणाले. तेवढे दोन शब्द बरे पटकन सापडले.

परत निघताना जयेशनी हार पिशवीत कोंबला आणि ह्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. "वहिनी, मला फार लाज वाटतेय. तुम्ही दोघं इथेच बसा," म्हणत ते कुबड्या टेकत मागे जायला लागले. ह्यांनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. चला, निभावलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात स्वागत समितीतल्या एक बाई गजकची, म्हणजे तिकडच्या तिळाच्या चिक्कीची, थाळी घेऊन बसमध्ये चढल्या. त्यांना कुबड्यांवर मागे चाललेलं प्लास्टर दिसलं आणि पुढे ऐसपैस बसलेला धडधाकट माणूस दिसला.

"भाईसाहब, इतने हट्टे-कट्टे होकर जवान की सीट पर बैठ गए? शर्म नहीं आती?"

"अरे, फौजी वही हैं," जयेश मागून ओरडले.

"आप आराम कीजिए," बाई त्यांना हात जोडून म्हणाल्या.

बस भरलेली होती आणि खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. गुलाबराव खिडकीबाहेर बघत होते. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

हे उठायला लागले. दरडावलं की उठायचं, ही फौजेतली सवय. मी त्यांना दंड धरून खाली बसवलं. "जवान यही हैं," मी म्हणाले. "लगी है इन्हीं को."

बाईंचा आवाज मऊ झाला. "अच्छा? कहाँ लगी है?"

ह्यांचा शब्द हरवला होता. अशा वेळी मी सुचवत नाही, थांबते. ह्यांनी बोट कपाळाकडे नेलं. ते मध्येच थांबलं आणि माझ्याकडे वळलं.

"इसको," हे म्हणाले. "ज्यादा... इसको लगी है."

दोन वर्षांत असं मला कुणीच म्हटलं नव्हतं, ह्यांनीसुद्धा. मी घाईघाईने शालीने डोळे पुसले. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझे हात बघितले, पाय बघितले. मग माझ्या तळव्यावर गजकचा तुकडा ठेवून म्हणाल्या, "लेकिन आप तो बिल्कुल ठीक लग रही हैं."