गालातली लवंग

लवंगेचं फूल दाढेखाली आलं आणि जिभेला चरचर झाली, तशी पद्मजाने ती पुन्हा डाव्या गालात सरकवली, हळूच, समोरच्याला कळू न देता, शाळेत तास चालू असताना चिंच लपवायची तशी. समोरचा माणूस खोकल्याचं औषध मागत होता. एरवी एव्हाना खोकला कोरडा की ओला, रात्रीचा की सकाळचा, हे विचारून, त्याच्या वतीने उत्तरही देऊन, तिने किती चमचे घ्यायचं तेही सांगून टाकलं असतं. आज ती नुसती उभी राहिली. मग तो माणूस जरा चुळबुळला आणि आपणहून म्हणाला, की खोकला त्याला नाहीच, वडिलांना आहे, आणि वडिलांना शुगर आहे. साखर नसलेली बाटली कपाटातून काढताना पद्मजाला राग आला. त्याचा नाही, सुजितचा.

सुजितचं दुकान चाकणला, कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात तिथे. वय असेल अठ्ठावीस-तीस, म्हणजे पद्मजाने काळेवाडीत हे दुकान उघडलं तेव्हा हा चड्डीत फिरत असणार. दोघं एकाच गटातले. शहरातल्या आणि आसपासच्या काही फार्मासिस्टांनी मिळून हा गट केला होता, आपलं काम आपणच सुधारावं म्हणून. एकाने दुसऱ्याच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर सकाळभर गप्प बसायचं, बघायचं, आणि शेवटी दोन गोष्टी सांगायच्या: एक आवडलेली, एक खटकलेली. ज्याला सांगितलं त्याने वाद घालायचा नाही, खुलासा करायचा नाही, फक्त ‘बरं’ म्हणायचं. मग आठवडाभर ते मनात घोळवायचं आणि गटाच्या विजयश्री मॅडमचा फोन आला की त्यांच्याशी बोलायचं. मॅडम फार्मसी कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. त्या उत्तरं देत नसत, एकामागून एक प्रश्न तेवढे विचारत.

गेल्या रविवारी सुजित त्या स्टुलावर बसला होता. उठताना म्हणाला, “ताई, तुमच्यासारखं समजावून सांगणारं मी कुणी बघितलं नाही, खरंच. फक्त एक... तुम्ही ‘समजलं ना?’ विचारता आणि विचारताना स्वतःच मान हलवता. मग समोरचा दुसरं काय करणार?”

‘बरं,’ ती म्हणाली होती. ते ‘बरं’ तिला अजून पचलं नव्हतं. मी? मी ऐकत नाही? जिच्या दुकानात माणसं दोन गल्ल्या ओलांडून येतात ती केवळ ‘ताई नीट सांगतात’ म्हणून, जिला लोक औषधाच्या नावाने मुलाच्या लग्नाचंही विचारतात, ती मी? सोमवारी तिने गट सोडायचा ठरवला. मंगळवारी ठरवलं की सोडायचा, पण आधी येत्या रविवारी त्याच्या दुकानात बसायची आपली पाळी आहे ती उरकून. त्याचं काय खटकलं हे तिने दुकान बघण्याआधीच मनात तयार ठेवलं होतं, चांगली फोडणी देऊन. आणि बुधवारी, भाजीवालीशी बोलताना, तिला आपली मान हलताना दिसली... दिसली म्हणजे समोरच्या आरशाच्या दुकानात, एकाच वेळी सात-आठ पद्मजा माना हलवताना. भाजीवालीही हलवत होती.

म्हणून लवंग. गप्प राहायचं ठरवलं म्हणून गप्प राहणाऱ्यातली ती नव्हती, जिभेला अडवायला तोंडात काहीतरी तिखट हवं, हे तिला ठाऊक होतं. आज सकाळी तिने मसाल्याच्या डब्यातून चार-पाच लवंगा कागदात बांधून पर्समध्ये टाकल्या. ती चपला घालत असताना लेक सुखदा मागून आली, “आई, कॉलेजचं जरा...” म्हणाली. ट्रिप ना, जा की, बाबांना मी सांगते, आणि स्वेटर ने, पद्मजा म्हणाली. लवंग तेव्हा पुडीत होती. सुखदा “हो” म्हणाली आणि आत गेली.

दुपार टळता टळता मंजुळाबाई आल्या. लातूरकडच्या. मुलगा चाकणला कंपनीत लागला तेव्हा त्याच्यामागे इकडे आल्या आणि आता कोपऱ्यावरच्या खानावळीत दिवसभर पोळ्या लाटत. पीठ आणि धूर, त्यामुळे दमा. दिवाळीपासून त्यांना कॅप्सूल आणि ती ओढायचं यंत्र होतं, ज्याला सगळे पंप म्हणतात. कॅप्सूल पंपात घालायची, पंप फिरवून फोडायची, आतली पूड श्वासाबरोबर ओढायची. पद्मजाने हे त्यांना एकदा नाही, दर महिन्याला सांगितलं होतं. तरी दम काही हटत नव्हता. डॉक्टरांनी दोनदा औषध वाढवलं होतं, आणि आजच्या चिठ्ठीत ते तिसऱ्यांदा वाढलेलं होतं.

पद्मजाचं तोंड सवयीने उघडलं. लवंग चावली गेली. तिने डोळे मिटून घेतले आणि चरचर ओसरल्यावर एवढंच म्हणाली, “मंजुळाबाई, घरी कसं घेता ते मला दाखवा.”

मंजुळाबाईंना आनंद झाला. त्यांनी पिशवीतून पंप काढला, पदराने पुसला, पट्टीतून कॅप्सूल सोडवली, काउंटरवरची पाण्याची बाटली मागून घेतली, आणि पद्मजाचा हात वर उचलला जाईपर्यंत कॅप्सूल गिळून टाकली. मग रिकामा पंप गर्रकन फिरवला, तोंडात धरला आणि असा काही जोरात ओढला की शेजारच्या औषधांच्या पट्ट्या थरथरल्याचा पद्मजाला भास झाला. मग दम धरून, गाल फुगवून, बोटांवर दहा मोजले. सगळं बिनचूक. पहिली पायरी सोडली तर काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

“पोटात गेली की मग यंत्रानं वर वढायची,” त्यांनी समजावून सांगितलं, आणि सांगताना मान हलवली. “लई जोर लागतो बाई. खालून यायची हाय ना.”

पद्मजाला हसू आलं, आणि ते लवंगेसकट बाहेर आलं. मंजुळाबाईही हसायला लागल्या, का ते न कळता. कॅप्सूल गिळून अपाय होण्यातला नव्हता, फायदाही नव्हता, म्हणजे इतके दिवस बाई पोटातून हवा उपसत होत्या आणि डॉक्टर वरून औषध वाढवत होते. पद्मजाने डॉक्टरांना फोन लावला, तिसरी वाढ थांबली. मग नवी कॅप्सूल मंजुळाबाईंनाच पंपात घालायला, फोडायला, ओढायला सांगितली; पूड जिभेला लागली तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले. शेवटी चूळ भरायला लावली.

“मला विचारलं का नाहीत कधी?” पद्मजा म्हणाली.

“तुमी इतकं ग्वाड सांगता,” मंजुळाबाई म्हणाल्या. “म्हनलं मधी बोलून कशाला मोडा.”

त्या गेल्या, आणि पद्मजा बराच वेळ काउंटरवर कोपर टेकून बसली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. किती माणसं इथून ‘समजलं, समजलं’ करत गेली असतील आणि घरी जाऊन काय काय करत असतील — डोळ्याचं कानात, कानाचं नाकात... पण गंमत अशी, की त्या वाईट वाटण्याखाली कुठेतरी तिला हलकंही वाटत होतं. सगळं सांगून टाकायचं ओझं केवढं होतं, हे ते उतरवल्यावरच कळत होतं. संध्याकाळी विजयश्री मॅडमचा फोन आला. काय दिसलं आठवड्यात, असं त्यांनी विचारलं. पद्मजाने पंपाची गोष्ट सांगितली, मॅडम पोटभर हसल्या, आणि मग म्हणाल्या, “आणखी कोण असं मान हलवतं?”

पद्मजाला सकाळी ‘हो’ म्हणून आत गेलेली सुखदा आठवली. सुजितसाठी तयार ठेवलेली फोडणी मनातल्या मनात थंड झाली होती. रविवारी त्याच्या स्टुलावर बसायला जायचं, आणि जाताना काही ठरवून जायचं नाही, एवढं मात्र तिने मॅडमना सांगितलं.

घरी पोचली तेव्हा सुखदा सोफ्यावर पाय घेऊन मोबाइलमध्ये बघत होती. ट्रिप कधी आहे, असं विचारायला नको, हे पद्मजाला दारातच सुचलं. तिने पर्समधली शेवटची लवंग गालात धरली आणि समोर जाऊन बसली.

“सकाळी तू काहीतरी सांगत होतीस.”

“काही नाही गं,” सुखदा म्हणाली.

पद्मजाने मान हलवली नाही. आत कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही. सुखदाने एकदा वर पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे, पुन्हा वर. मग मोबाइल पालथा ठेवला.

“ट्रिप नव्हतीच ती,” ती म्हणाली, आणि थांबली.

पद्मजाच्या जिभेवर तीन-चार उत्तरं एकदम येऊन उभी राहिली, सगळी चांगली, सगळी मायेची. तिने लवंग दाढेखाली घेतली आणि कचकन चावली. जीभ पेटली, डोळ्यांत पाणी आलं. ती वाट बघत बसली.