मण्यांची आणि पट्ट्यांची

"सोळा झाले ना?" प्रूफबाईंनी विचारलं.

कॉटच्या लोखंडी दांडीवर दोन ठोके पडले. दोन म्हणजे नाही.

"मग पंधरा?"

एक ठोका.

"बघा, एक खांब खाल्ला मी. तुम्ही नसता तर टोपली लंगडीच व्हायची," असं म्हणत त्यांनी शेवटचे टाके उसवले आणि क्रोशाची सुई पुन्हा दोऱ्यात घातली.

घरात दोघंच. त्या छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासायच्या, म्हणून सगळ्यांच्या प्रूफबाई. निवृत्तीनंतर काचबिंदूने डोळे नेले. आता खिडकीचा उजेड आणि समोर आलेल्या माणसाची सावली एवढंच उरलं होतं. नवरा लिफ्टचा मिस्तरी. आयुष्यभर दुसऱ्यांना वर-खाली नेणारा हा माणूस दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने आडवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात आणि डोळे तेवढे शाबूत. "आम्हा दोघांचं मिळून एक माणूस होतं," प्रूफबाई शेजारणीला सांगायच्या. "तेही मापात कमीच."

लेक ब्रेडच्या कारखान्यात पाळीवर होती. आठवड्याची सुटी ती इथेच घालवायची. औषधं आणायची, चादरी धुवायची, बाबांची दाढी करायची. मागच्या महिन्यात तिने गोळ्यांचा डबा उघडला, तर सगळ्या पाकिटांची सरमिसळ झालेली.

"आई, हे असं नाही चालायचं. माझ्याकडे चला दोघं."

"तुझ्या दीड खोलीत? ह्यांची कॉट काय छताला टांगणार आहेस?"

"मग बाबांना त्या सेवासदनात ठेवू. तिथे नर्स असते."

कॉटवरून ठोके सुरू झाले. दोन, दोन, दोन.

"ऐकलंस?" प्रूफबाई म्हणाल्या. "मला एक महिना दे. मी करते काहीतरी."

त्यांनी लेकीकडून करंगळीएवढा जाड दोरा मागवला. बारीक दोऱ्याचा टाका आता बोटांना कळला नसता. क्रोशा त्या लहानपणीच शिकल्या होत्या, हात विसरले नव्हते. आधी गोल फास, त्यात सहा मुके खांब, म्हणजे सगळ्यांत आखूड टाके, मग फेरीगणिक वाढवत बशीएवढा तळ. तळ पुरेसा झाला की वाढवणं थांबवायचं, म्हणजे दोरा आपसूक उभा राहतो आणि भिंत चढते. पहिल्या टोपलीच्या भिंतीत त्यांनी एकाच टाक्यात पाच पाच खांब घालून ते एकत्र ओढले. त्याने टपोऱ्या मण्यांसारखे उठाव आले. दुसरीला उभ्या पट्ट्या पाडल्या, हात फिरवला की शिडीच्या पायऱ्या लागाव्यात तशा. दोरा इतका जाड की टोपल्या रिकाम्याही ताठ उभ्या राहायच्या. फेऱ्या मोजायला मिस्तरी होतेच. तीन आठवडे दोघं कामाला लागले होते. प्रूफबाई मुका खांब घालताना म्हणायच्या, "हा तुमचा भाऊबंद." कॉटवरून एक ठोका यायचा आणि घशातून एक खरखर. ते त्यांचं हसणं.

मण्यांच्या टोपलीत पोटाच्या गोळ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. पट्ट्यांच्या टोपलीत रक्त पातळ करणाऱ्या. त्यातली फक्त संध्याकाळी अर्धी. दोन्ही गोळ्या चपट्या, गोल, बोटाला सारख्याच. फरक फक्त टोपलीचा.

लेकीने डोळे मिटून दोन्ही टोपल्यांवरून हात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "बरं. तू जिंकलीस."

पुढच्या सुटीला लेक आली तेव्हा मण्यांच्या टोपलीवर खोकल्याचं औषध सांडलेलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. तिने दोन्ही टोपल्या धुतल्या, उन्हात वाळवल्या, नवी आणलेली पाकिटं त्यांत भरली आणि बस चुकू नये म्हणून पळतच निघाली. दारातून ओरडली, "आई, सगळं जागेवर ठेवलंय गं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रूफबाईंनी मणी चाचपले, गोळी काढली आणि नवऱ्याच्या ओठांशी नेली. दोन ठोके.

"नाही कसं? सकाळची आहे."

पुन्हा दोन. मग आणखी दोन, जोरात.

गोळ्यांचा कंटाळा त्यांना नेहमीचाच. आठवड्यातून दोनदा तरी हे नाटक व्हायचं. "लहान मूल बरं तुमच्यापेक्षा," त्या म्हणाल्या. मिस्तरींनी तोंड भिंतीकडे वळवलं. प्रूफबाईंनी हनुवटी धरून ते वळवून घेतलं, गालात बोट घातलं, गोळी आत सारली आणि पाण्याचा घोट दिला. "झालं. एवढंसं तर होतं."

चार दिवस रोज असंच झालं. पाचव्या दिवशी ठोके बंद झाले. मिस्तरी मुकाट्याने तोंड उघडू लागले. प्रूफबाईंना वाटलं, सुधारले.

तोंड पुसताना फडक्याला लोखंडासारखा वास यायचा. ब्रश टोचत असेल म्हणून त्यांनी मऊ ब्रश मागवला. पाठीवर आणि मांडीवर पडलेले काळेनिळे डाग त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. लेकीला त्या आठवड्यात कुणाच्या तरी बदल्यात सुटीच्या दिवशीही कामावर जावं लागलं. ती फोनवर म्हणाली, "बाबा बरे आहेत ना?"

"अगदी शहाण्यासारखे वागतायत."

बाराव्या दिवशी सकाळी प्रूफबाईंनी हाक मारली तर दांडीवर ठोका पडला नाही. श्वास चालू होता, पण घोरल्यासारखा.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, आवाजावरून दमलेला. "मेंदूत रक्तस्राव झालाय. रक्त पातळ करणारं औषध खूप जास्त गेलंय अंगात. गोळ्या कोण देतं?"

"मी."

"तुम्हाला दिसतं?"

"नाही."

कागदावर पेन चालल्याचा आवाज तेवढा आला. लेक शेजारी उभी होती. तिचा हात प्रूफबाईंच्या खांद्यावरून कधी निघाला, ते त्यांना लगेच कळलं.

मिस्तरी तिसऱ्या दिवशी गेले.

सगळं उरकून दोघी घरी आल्या. लेक दारातच फुटली. "मी सांगत होते! पहिल्या दिवसापासून सांगत होते. टोपल्या म्हणे! दिसत नाही तर मान्य करायचं ना, आई. तुझ्या हट्टापायी गेले बाबा."

"हो," प्रूफबाई म्हणाल्या.

लेक शेजारणीकडे पाणी आणायला गेली तेव्हा त्या फळीपाशी गेल्या. मण्यांच्या टोपलीत हात घातला, पाकीट काढलं आणि बोटाने त्याचे फुगे मोजले. दहा. पोटाच्या गोळ्या पंधराच्या पाकिटात यायच्या, रक्त पातळ करणाऱ्या दहाच्या. पुन्हा मोजले. दहाच. मग पट्ट्यांच्या टोपलीतलं पाकीट. पंधरा. त्यातल्या सहा फुग्यांचा कागद फाटलेला, एकात अर्धी गोळी उरलेली.

ज्या बाईने एकतीस वर्षं एकही वेलांटी सुटू दिली नव्हती, तिने बारा दिवसांत एकदाही पाकीट मोजलं नव्हतं. टोपलीवर हात ठेवला की झालं. आणि ज्याला दिसत होतं तो माणूस हातातली सगळी ताकद लावून सांगत होता. त्याचं तोंड तिने स्वतःच्या बोटांनी उघडलं होतं.

प्रूफबाई तिथेच खाली बसल्या. लेकीची पावलं जिन्यात वाजायच्या आत उठून त्यांनी पाकिटं काढून ओच्यात घेतली, मोरीत जाऊन एकेक गोळी फोडून पाण्यात सोडली आणि कागद चुरगळून कचऱ्यात खोल दाबला. मग खिडकीशी येऊन मण्यांच्या टोपलीचं टोक शोधलं आणि दोरा ओढायला सुरुवात केली. जाड दोरा भराभर सुटतो. एक एक मणी बोटाखाली यायचा आणि सपाट व्हायचा.

लेक बराच वेळ समोर बसून होती. रडून तिचा आवाज बसला होता.

"आई."

"हं."

"त्या टोपल्या... मी धुतल्या होत्या ना गं? गोळ्या मीच भरल्या." ती थांबली. "घाईत होते. मी बरोबर भरल्या होत्या ना?"

प्रूफबाईंचा हात थांबला नाही.

"बरोबरच होत्या. तू गेल्यावर मी तपासल्या. माझी सवयच आहे ती."

"मग?"

"मग मीच फळी पुसायला काढल्या आणि परत ठेवताना घोळ घातला. तू म्हणालीस तेच खरं. मी मान्य करायला हवं होतं."

लेकीने एक मोठा श्वास सोडला. मग चिडूनच म्हणाली, "आता कशाला उसवतेस? राहू दे ना."

"नकोत मला."

दोन आठवड्यांनी घराची किल्ली मालकाला गेली. कॉट भंगारात गेली. प्रूफबाई लेकीच्या दीड खोलीत राहायला आल्या. तिथे त्यांना कशालाच हात लावायची परवानगी नव्हती. गॅसजवळ जायचं नाही, सुरी नाही, सुई नाही. लेक वाईट नव्हती. ताट हातात द्यायची, वेणी घालायची. पण बोलताना आवाजात एक बारीक धार असायची आणि ती कधी गेली नाही. कुणी भेटायला आलं तर लेक स्वयंपाकघरात हलक्या आवाजात सांगायची, "आईच्याच हातून झालं ते. पण तिला काय बोलणार आता?" प्रूफबाईंचे कान शाबूत होते. त्या खिडकीकडे तोंड करून बसायच्या.

जावई एकदा म्हणाला, "आई, तुम्ही स्वतःला फार लावून घेऊ नका."

"नाही हो," त्या म्हणाल्या.

डोळ्यांत उजेड टिकावा म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले होते, दिवसातून दोनदा. पाळीवर जाण्याआधी आणि परतल्यावर लेक ते स्वतः घालायची, दुसऱ्या कुणावर सोडायची नाही. त्या दिवशीही ती कामाच्या कपड्यांतच आली, खुर्ची ओढली आणि बाटली उजेडात धरून नाव वाचू लागली.

"राहू दे गं, तुला उशीर होतोय," प्रूफबाई म्हणाल्या. "घाल."

त्यांनी मान मागे टेकवली आणि दोन बोटांनी स्वतःची पापणी वर उचलून धरली.